भिंतीवरचा आमच्या घरचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, माझ्या वडिलांना, आबांनाही नाही. तुरुंगात असताना बराकीतले सोबती एकमेकांना आपापली पापं सांगून मोकळे व्हायचे. माझी पाळी आली की मी लहानपणी मळ्यातले आंबे चोरल्याची गोष्ट सांगायचो. लोक हसायचे. ती गोष्टही खोटी होती.

कुठून सुरू करू? भिंतीपासूनच करतो. ती अजून उभी आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. धाडच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येतं, एवढं सांगितलं तरी पुरे. माझ्या एका पुस्तिकेत मी त्या गावाला पुष्कळ बोललो आहे. आता आणखी बोलायचं ते मला स्वतःला.

माझा मोठा भाऊ, दादा, कापसाच्या गाड्यांबरोबर मलकापूरला जायचा. इतरांचे भाऊ येताना रेवड्या आणायचे. दादा पुस्तिका आणायचा — पातळ, पिवळट कागदाच्या, हातात धरल्या तर बोटाला शाई लागणाऱ्या. हुंड्यावरच्या, शिवाशिवीवरच्या, केशवपनावरच्या, सावकारीवरच्या. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. दहा-बारा वर्षांचा असताना मला त्यांतली पानंच्या पानं पाठ होती आणि ओसरीवर उभा राहून मी ती म्हणून दाखवायचो. माणूस आधी बोलायला शिकतो आणि मग बोलल्यासारखं वागायला. मी पहिलं फार लवकर शिकलो.

दादा तापानं गेला. त्याचं लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. वहिनी आमच्याच घरी राहिली. आई तर आधीच गेलेली. म्हणजे घरात आबा, मी आणि ती.

वहिनीला वाचता येत होतं. दादानंच शिकवलं होतं, त्याच पुस्तिकांवर. तो गेल्यावर पुस्तिका मी आणू लागलो, आणि खरं सांगायचं तर माझ्याआधी ती वाचून काढायची. चुलीपुढे बसून, एक डोळा भाकरीवर ठेवून. एखाद्या मजकुरावर मी तावातावानं बोलायला लागलो की ती म्हणायची, पुढच्या पानावर त्यानं स्वतःच याच्या उलट लिहिलं आहे, ते पाहा. असायचंही तसं.

आता भिंत.

मी अमरावतीहून कॉलेज सोडून घरी आलो होतो. डोक्यात राग होता, आणि तो कुठे ओतावा ते कळत नव्हतं. आमच्या शाळेच्या पुस्तकात मुंबईचं बंदर होतं, पुण्याची मुठा होती. पैनगंगा आमच्या जिल्ह्यात उगम पावते, तिला एक ओळ. सरकारी कागदावर आम्ही 'मध्यप्रांत व वऱ्हाड' — आधी ते, मग 'व', मग आम्ही. मालक म्हणून नाव निजामाचं, हुकूम नागपूरचा, आणि तोंड उघडलं की आमच्या बोलीला हसणार पुण्याचे. मग आम्ही कोण? आम्हाला कुणी विचारलं होतं का कधी?

हे कागदावर लिहून गावात कोण वाचणार होतं? म्हणून म्हटलं, भिंतीवर काढू. काकाजी म्हणून गावातले कापसाचे व्यापारी होते, त्यांनी वाचनालयाला खोली बांधून दिली होती. तिची एक लांबच लांब भिंत बाजारवाटेला लागून होती. त्या भिंतीवर आख्खं गाव काढायचं, आणि बाहेरचा चितारी आणायचा नाही. ज्यानं त्यानं आपलं आपण काढायचं, हा माझा आग्रह. गाव दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसायला नको.

ते दिवस चांगले होते. हे मला लिहायला जड जातं, पण होते. बायकांनी भिंत पांढऱ्या मातीनं पोतारून दिली. पुंजाजी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा, त्यानं कोळशानं रेघा ओढल्या. गेरू होता, पिवळी माती होती, कढईखालची काजळी होती, परटाकडची नीळ होती. सगळं बाभळीच्या डिंकात कालवलेलं. तेल्यानं आपला घाणा काढला. त्याचा बैल घाण्यापेक्षा मोठा झाला, तरी तो पुसू देईना. माळ्यानं मोट काढली. कुणी ज्वारीची कणसं काढली, कुणी कापसाची बोंडं. मलकापूरची वाट काढली आणि वाटेवर गाड्यांची रांग.

काकाजी रोज सकाळी पाहायला यायचे. त्यांची दमनी, ती छपराची बैलगाडी, हीही चित्रात होती. एकदा ते पुंजाजीला म्हणाले,

"तेल्याच्या बैलाहून माही दमनी लहान काऊन बे?"

"दमनी दूर हाय काकाजी. दूरचं लहान दिसते."

"मंग जवळ आन तिले."

पुंजाजीनं आणली. जागा एकच उरली होती, म्हणून ती पैनगंगेच्या मधोमध उभी राहिली. आजही आहे. गाव कितीतरी दिवस हसत होतं, आणि काकाजीही हसले.

वाचनालयात बायकांचा एक तास होता. दुपारी, भांडीकुंडी आवरून, शेतावर न गेलेल्या बायका यायच्या आणि वहिनी त्यांना वाचून दाखवायची. हा तास मी मागून घेतला होता. काकाजींनी मान हलवली होती, पण एका अटीवर — उद्घाटनाला बायका आल्या, त्यांची हौस दिसली, तर तास पुढे चालू. नाहीतर खोली आहेच, पुरुषांना पत्ते खेळायला. वहिनीला त्या तासाशिवाय दुसरं काय होतं? घरात ती आबांची सून होती, गावात दादाची विधवा होती. त्या तासाला ती वाचून दाखवणारी बाई होती. शेवटच्या पानावर आली की सगळ्याजणी म्हणायच्या, आता उद्या काय? हे तिला आयुष्यात दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

चित्र पुरं होत आलं तेव्हा खालची पट्टी रिकामी राहिली. तिथे काय काढावं ते वहिनीनं सुचवलं. लग्नात भिंतीवर बायका हळदीचे हात उमटवतात, तसे हात उमटवायचे. दर घरामागे एक. नाव लिहायचं नाही. जिचा हात ती ओळखेल. ऐकताक्षणी मला पटलं. सगळं चित्र पुरुषांनी रंगवलेलं, पण खालून त्याला बायकांनी धरलेलं. बायका हौसेनं आल्या. परातभर हळद वहिनीनंच कालवली.

मग आमच्या घरचा हात?

ते तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हणाली, आपल्या घरचा तुम्ही उमटवा. मी नाही म्हटलं. इथेच माझं भाषण सुरू झालं. हात बाईचा पाहिजे, आणि आमच्या घरची बाई तू. हळद ही कुणाच्या नवऱ्याची मालमत्ता नाही. तुझा हात या भिंतीवर नसेल तर सगळी भिंत खोटी. माझं बोलणं थांबेना. त्यातली निम्मी वाक्यं कुठल्या कुठल्या पुस्तिकेतली होती, आणि कुठली ते तिला माहीत होतं.

"मले नको, भाऊजी," ती म्हणाली. "मले तो तास पुरे हाय."

एवढं साफ सांगितलं होतं तिनं. मी काय केलं? दादाची शपथ घातली. त्याच्या आत्म्याला काय वाटेल म्हणालो — आत्मा मानत नसताना. तिनं परात जवळ ओढली. मग हात बुडवून भिंतीला टेकवला आणि लगेच काढून घेतला. तळव्याचा मधला भाग उमटलाच नाही. मी म्हटलं, असा नाही, दाबून. तिनं पुन्हा दाबला. दोनदा हळद बसल्यामुळे तो हात साऱ्या ओळीत गडद दिसायला लागला. माझं समाधान झालं. मला तो लांबून दिसायला हवा होता.

तुम्हाला वाटेल गावानं आरडाओरडा केला. माझ्या पुस्तिकेत तसा आहे. प्रत्यक्षात कुणीच काही बोललं नाही. बायका वाचनाच्या तासाला यायच्या थांबल्या, एवढंच. आधी दोघी, मग चौघी, मग वहिनी एकटी पुस्तक घेऊन बसायची आणि तास संपला की दाराला कडी लावून घरी यायची. शेजारचा हात एका नव्या नवरीचा होता. तिची सासू तिला घेऊन भिंतीपाशी आली, पाहून गेली. पोरगी रडत होती म्हणे. काकाजींच्या पत्नी, काकी, मला बोलावून समजुतीनं बोलल्या. वाईट कुणाच्याच मनात नाही. पण शुभकार्य आहे, हळद आहे, बायकांच्या मनात येतं. तो हात राहिला तर उद्घाटनाला बायका येणार नाहीत. तेवढं तुम्हीच बघा.

आणि पाहुणे कोण येणार होते? अकोल्याचे एक संपादक. दादा ज्यांच्या पुस्तिका आणायचा ते. मी त्यांना कळवलं होतं की आमच्या गावात बायका रोज वाचनालयात येतात. ते आले आणि समोर एकही लुगडं दिसलं नाही, तर?

मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो की मला वहिनीच्या तासाची काळजी होती. नव्हती. मला त्या माणसापुढे उघडं पडायचं नव्हतं.

पण चारचौघांत? चारचौघांत मी वाचनालयाच्या ओट्यावर चढून बोललो. म्हणालो, हा हात राहील. ज्याला तो पुसायचा असेल त्यानं आधी माझा हात तोडावा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी आत पुस्तकं लावत होती. तिनं ऐकलं. त्या दिवशी जेवताना माझ्या ताटात तिनं न मागता जास्तीचं तूप वाढलं.

इथवर लिहिलं आणि मी उठून गेलो होतो. तांब्याभर पाणी प्यालो, दारात उभा राहिलो, परत आलो. पुढचं वाक्य चार शब्दांचं आहे. याआधी कितीदा लिहून फाडलं असेल?

तो हात मी पुसला.

धाडच्या बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी भर दुपारी गाव ओस असतं. म्हातारी माणसं सावलीला पडलेली, कुत्री ओट्याखाली. ओट्याला लावायला चुना भिजवून ठेवला होता, त्याचं मडकं खोलीच्या कोपऱ्यात होतं. मी फडकं घेतलं, चुन्यात बुडवलं. माझा हिशेब सोपा होता. भिंत पांढरी, चुना पांढरा. एक हात द्यायचा, वाळला की दिसेनासा होईल. वहिनीला सांगायचं, ओलीनं पोपडा सुटला. बायकांना काहीच सांगायचं नाही. ओट्यावरचं माझं भाषणही राहील, आणि बायकाही येतील.

फडकं फिरवलं आणि तो हात लाल झाला.

तुम्ही बाई असाल तर तुम्ही इथे थांबला असाल. हळदीला चुना लागला की ती लाल होते, घरोघर कुंकू तसंच करतात, हे परकरातल्या पोरीलाही ठाऊक असतं. मला नव्हतं. कुंकवाच्या रूढीवर मी अमरावतीला निबंध वाचला होता. त्याला बक्षीस मिळालं होतं. ते होतं कशाचं, हे कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

मी आणखी चुना लावला. आणखी लाल. पुसायला गेलो तर बोटं फिसकटली आणि लाल ओघळ खाली उतरले. बाकीचे सगळे हात पिवळे, आणि मध्ये तो एक. मी मडकं जागेवर ठेवलं, फडकं काट्यांच्या कुंपणात कोंबलं आणि शेतातल्या वाटेनं धाडला गेलो. जवळजवळ पळतच. बाजारात ओळखीच्या प्रत्येकाशी मोठ्यानं बोललो. गूळ घेतला, जो घरात होता. परतताना काकाजींच्या दमनीत जागा मागून घेतली. चुन्यानं बोटं चरचरत होती. मी हात धोतराच्या सोग्यात ठेवला होता.

भिंतीपाशी आम्ही पोचलो तेव्हा गर्दी जमली होती. वहिनीला घरून बोलावून आणलं होतं. आबाही होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, खाली पाहत. मला वाटलं, आता कुणी तरी म्हणेल, हात पुसायला गेला तो कोण? मी मनातल्या मनात रागावून बोलायची तयारीही केली होती.

तसं कुणी म्हणालंच नाही. बायकांना चुना ओळखता येत होता. त्यांना प्रश्न दुसराच पडला होता. गावात दुपारी कोण होतं? बाजाराला न जाणारी बाई कोण? आणि हळदीचं कुंकू व्हावं असं कुणाला वाटेल? काकी सावकाश बोलल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता.

"हळदीले चुना लावला म्हंजे काय होते, हे का बाईले शिकवा लागते? हौस राह्यली होती तिची."

कुणी तरी हसलं. ते हसू मला अजून ऐकू येतं. बाईचं होतं.

वहिनी म्हणाली, म्या नाही लावला. एकदाच म्हणाली. मग तिनं गर्दीत मला शोधलं. काकीकडे नाही, आबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. कारण ओट्यावरून बोललो होतो तो मी.

"भाऊजी, तुमी सांगा या लोकायले."

काय सांगायचं होतं मी? एक वाक्य. चुना मी लावला. बायका माझ्यावर थुंकल्या असत्या, पोरं हसली असती, अकोल्याच्या पाहुण्यांना कळलं असतं. मरण नव्हतं आलं त्यात. घराबाहेर कुणी काढलं नसतं मला. पुरुषाला कशावरून काढतात?

मी म्हणालो, "मी तं बाजारात होतो. मले काय ठाऊक?"

काकाजींनी माझ्या वतीनं मान डोलावली. माझ्या दमनीतच आला तो, म्हणाले.

वहिनीनं माझ्याकडे पाहणं थांबवलं. कसं सांगू? मान वळवली नाही, डोळे मिटले नाहीत. नुसतं थांबवलं.

पुढचं लवकर झालं. आबांनी गाडी जुंपायला लावली आणि थोडे दिवस म्हणून तिला भावाकडे, बीबी गावी, पोचवलं. थोडे दिवस कधी संपले नाहीत. पुंजाजीनं त्या जागी झेंडूचं फूल काढलं, मोठं, खालचा लाल हात दिसू नये म्हणून गेरूत भरलेलं. उद्घाटनाला बायका आल्या. पुष्कळ आल्या, नवी लुगडी नेसून. अकोल्याच्या पाहुण्यांना सगळ्यात आवडली ती खालची हातांची ओळ. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ही कल्पना तुमची? मी हो म्हटलं.

तास त्यानंतर झाला नाही. वाचून दाखवणार कोण? मी दोन-तीनदा बसलो. बायका आल्या, थोडं ऐकलं, उठून गेल्या. मी वाचत नव्हतो, भाषण करत होतो. मग खोलीत पत्ते सुरू झाले.

इथे थांबलो असतो तर हा एका भित्र्या पोराचा कबुलीजबाब झाला असता. पण मी थांबलो नाही.

वर्ष उलटायच्या आत मी ती पुस्तिका लिहिली. तुम्ही बहुतेक तीच वाचली असेल. एका गावात एका विधवेनं भिंतीवर हळदीचा हात उमटवला, आणि एका रूढीच्या गुलामानं, भेकडानं, तो चोरासारखा पुसला. आणि गावानं उलट तिच्यावरच आळ घेतला. 'तो भेकड हात मला सापडला तर मी तो चौकात धरून दाखवीन' — हे वाक्य माझं. सभांमधून लोक ते माझ्याआधी म्हणायचे. खामगावला एक म्हातारे शिक्षक व्यासपीठावर चढून माझे दोन्ही हात हातांत घेऊन रडले. दोन्ही.

लोक मला लेखक म्हणतात ते त्या पुस्तिकेमुळे. आणि त्या भेकडाबद्दल तिच्यात लिहिलेला प्रत्येक शब्द खरा आहे, हे तुमच्या लक्षात येतं ना? त्या भेकडाचं वर्णन मला कुठून सुचलं असेल?

एकदा मी बीबीला गेलो. सांगायचं असं ठरवून गेलो होतो. वहिनी भावाच्या घरी मागच्या अंगणात डाळ पाखडत होती. वाळली होती. केस पांढरे व्हायला लागले होते, वय नसताना. भावजय सारखी आतबाहेर करत होती. वहिनीनं उठावं, पाणी आणावं, पोराला घ्यावं, अशी एकेक हाक येत होती. घरात छापील कागद कुठे दिसला नाही. मी पिशवीतून पुस्तिका काढून तिच्यापुढे ठेवली. तोंडानं सांगायचं होतं, आणि कागद पुढे केला.

तिनं हात पदराला पुसले आणि तिथेच बसून वाचली. सगळी. पूर्वीसारखीच, घाई न करता. मी समोर सुपातली डाळ पाहत बसलो. तिनं पुस्तिका मिटवली, गुडघ्यावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला.

"सारे हायेत याच्यात," ती म्हणाली. "काकी हाय, आबा हायेत, मी बी हाओ. तुमी कुठं हा, भाऊजी?"

तिला ठाऊक होतं का? गर्दीतल्या त्या क्षणाबद्दल विचारत होती, की फडक्याबद्दल? मला कळलं नाही. आणि कळून न घेता मी हसलो. हसून म्हणालो, लिहिणारा मीच आहे ना, वहिनी.

ती हो म्हणाली. उठली. मला म्हणाली, भाकर खाऊन जा.

मी खाल्ली. तिनं वाढली आणि मी खाल्ली. तिचा भाऊ मोठ्या मानानं शेजारी बसला होता. त्यानं चार घरी सांगितलं होतं, आपल्याकडे लिहिणारे पाहुणे आले म्हणून. गाडीत बसताना वहिनी दारापर्यंत आली नाही. आतून तिचा आवाज येत होता, भावजयीच्या पोराला काही तरी समजावत होती. ती काय समजावते ते ऐकायला मी थांबलोही नाही.

त्यानंतर मी शिवाशिवीवर लिहिलं, वेठीवर लिहिलं, तुरुंगात गेलो, सुटलो. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, केवढा निर्भय. मी नको म्हटलं नाही.

त्या पुस्तिकेची नवी आवृत्ती निघते आहे. छापखान्यातून निरोप आला की सुरुवातीला चार शब्द लिहून द्या. मी हे देतो आहे. छापणार नाहीत कदाचित. मग मी दुसरीकडे छापीन. आबा आता नाहीत. काकाजी नाहीत. वहिनी बीबीला आहे, आणि तिला वाचता येतं.

वहिनी, मी बाजारात होतो ते खरं. नंतर गेलो. आधी चुना लावला.